‘समाजसेवा’, ‘समाजकार्य’ आणि ‘लाभार्थी’

‘समाजसेवा’ व ‘समाजकार्य’ ही पदे मराठीत बहुधा समानार्थी मानली जातात. अभ्यासविषय म्हणून पाहता मात्र त्यांतील भेद मूलगामी आहे. ‘सेवा’ या पदावर भक्तीचा व निरपेक्षतेचा संस्कार आहे. ‘समाजकार्य’ या संज्ञेत शिक्षण, पद्धती व उत्तरदायित्व अभिप्रेत आहे. १९३६ साली मुंबईत सर दोराबजी टाटा यांच्या नावे समाजकार्याचे भारतातील पहिले विद्यालय निघाले. तेथील शिक्षण इंग्रजीतून होते. मराठी परिभाषा मागाहून, बहुतांशी भाषांतराने घडली.

या परिभाषेच्या जोडीला शासनव्यवहारातून ‘लाभार्थी’ हा शब्द आला. ‘अर्थी’ म्हणजे इच्छिणारा. त्यामुळे हक्कदार माणूसही या शब्दाने याचक ठरतो. नाशिकच्या इंदिरानगरात क्षेत्रकार्यास गेलेल्या विद्यार्थ्याला एखादी अहिराणीभाषक विधवा निवृत्तिवेतनाविषयी ‘मना हक शे’ असे सांगते, आणि त्याच्या नोंदवहीत ‘लाभार्थीस साहाय्याची गरज आहे’ असे वाक्य उमटते, असे घडल्यास दाव्याची विनंती होते. पुढील सर्व निर्णय त्या नोंदीवरूनच घेतले जातात. म्हणून बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे टिपण्याचे शिक्षण समाजकार्याच्या पद्धतीतच अंतर्भूत झाले पाहिजे.