प्रत्येकांचे अनेकवचन

आमच्या वाशीम जिल्ह्यात तालुके मोजून सहा. पण सभेतला वक्ता एकदा का ‘प्रत्येक तालुक्यांतील प्रत्येक शेतकऱ्यांनी’ म्हणाला, की नेमके किती ते वाशीमच्या बालाजीलाच ठाऊक! अहो, ‘प्रत्येक’ म्हणजे प्रति एक. शब्दाच्या पोटातच ‘एक’ बसलेला असताना मागे अनेकवचन लावणं म्हणजे एका सायकलवर अख्खी वरात बसवणं.

इंग्रजी या बाबतीत पक्की हिशेबी. ‘ईच’ किंवा ‘एव्हरी’ आलं, की पुढचं नाम एकवचनी आणि क्रियापदही. ‘इफ ईच गॅरंटर साइन्स’ अशा गौणवाक्यातसुद्धा शेवटचा ‘स’ ती सोडत नाही. ‘ऑल’ म्हटलं की मात्र गर्दी.

बँकेत हा फरक व्याकरणाचा नसतो, पैशाचा असतो. ‘सर्व जामीनदार’ वाचून जो तो शेजाऱ्याकडे बघतो; ‘प्रत्येक जामीनदार’ वाचून स्वतःच्या सातबाऱ्याकडे. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ सांगतं, की वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. तेव्हा ‘प्रत्येक जामीनदारांनी सही करावी’ असा फॉर्म दिसला तर खुशाल हसा. पण सही एकवचन समजूनच करा. वसुलीची नोटीस एकेकाच्याच नावानं येते.