नवे शिकताना जुने टिकवणे : पूरक अध्ययन-व्यवस्था सिद्धांताची चिकित्सा

चेतापेशींच्या त्याच जोडण्यांत नवे ज्ञान साठत असेल, तर जुने पुसले का जात नाही, हा स्मृतिविज्ञानातील मूलभूत प्रश्न आहे. मॅक्लॉस्की व कोहेन यांनी १९८९ मध्ये संगणकीय जालास बेरजांचे दोन संच एकापाठोपाठ शिकविले, तेव्हा दुसरा शिकताना पहिला जवळजवळ नष्ट झाला. या पेचाचे उत्तर मॅक्लेलंड, मॅकनॉटन व ओ'रायली यांनी १९९५ मध्ये मांडले. त्यांच्या मते हिप्पोकॅम्पस नवा अनुभव त्वरित टिपतो, तर प्रमस्तिष्काचे बाह्यक तो जुन्या अनुभवांत मिसळून सावकाश आत्मसात करते. विल्सन व मॅकनॉटन यांना १९९४ मध्ये झोपलेल्या उंदरांच्या हिप्पोकॅम्पसमध्ये आढळलेली अनुभवांची पुनरावृत्ती या मांडणीस बळ देते.

तथापि, बाह्यकाची मंदगती सर्वत्र अपरिहार्य मानणे ही या मांडणीची मर्यादा होय. त्से, मॉरिस व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात, चव व जागा यांच्या जोड्यांची चौकट आधीच पक्की झालेल्या उंदरांनी नव्या जोड्या एकाच प्रयत्नात आत्मसात केल्या. ४८ तासांनंतर हिप्पोकॅम्पसला इजा करूनही त्या टिकून राहिल्या. पूर्वज्ञानाशी सुसंगत माहिती मूळ प्रतिमानातही जुन्यास धक्का न लावता वेगाने सामावते, हे मॅक्लेलंड यांनीच २०१३ मध्ये दाखविले.

यावरून मूळ सिद्धांत खोटा ठरत नाही. त्याचे केंद्र मात्र बदलते. जुने ज्ञान नव्याच्या आड येते की त्याला आधार देते, हे केवळ शिकण्याच्या वेगावर नव्हे, तर दोहोंतील सुसंगतीवर अवलंबून असते.