साद आणि प्रतिसाद

मी ‘बहुत ख़ूब’ म्हणाले आणि त्या मुलाचा चेहरा उतरला.

गेल्या जूनमध्ये मी मलिहाबादला गेले होते. जोश मलिहाबादींच्या काही नज़्मांचा मराठी अनुवाद करते आहे. ज्या गावाचं नाव कवीने आपल्या नावाला जोडून घेतलं, ते गाव एकदा पाहावं एवढाच हेतू होता. दशहरीचा हंगाम ऐन भरात होता. ज्यांच्याकडे उतरले होते त्यांची आंब्याची बाग आहे. त्यांचा धाकटा मुलगा बी.कॉम. करतो आणि रात्री लॅपटॉपवर संगीत रचतो. मी ‘साहित्यवाली’ आहे हे कळल्यावर तिसऱ्या दिवशी त्याने मला हेडफोन दिला.

ट्रॅक साडेचार मिनिटांचा. खाली सरळ चालणारी किक, वर सिंथचा एक साधा सूर, आणि मधोमध एक ठोक्यांचा आवाज. तो मंडीत आंब्याच्या लाकडी पेट्या ठोकतात त्याचा होता, फोनवर टिपलेला. खिळ्यावर तीन-चार घाव, शेवटचा जरा जड, मग कामगार पुढचा खिळा उचलेपर्यंतची शांतता. ही शांतता दर वेळी सारखी नव्हती. त्यामुळे ठोके किकच्या कधी किंचित पुढे, कधी मागे पडत. ऐकताना मी दोनदा मान वर करून दाराकडे पाहिलं. आणि संपल्यावर म्हणाले, ‘बहुत ख़ूब’.

‘‘सब यही कहते हैं, आंटी,’’ तो म्हणाला, ‘‘या फिर कहते हैं, बेस ठीक करो.’’

या एका वाक्यात हौशी संगीतकारांच्या आजच्या प्रतिसादव्यवहाराची बरीचशी समीक्षा आली. एका टोकाला शिष्टाचार, दुसऱ्या टोकाला दुरुस्तीची यादी. त्याने हाच ट्रॅक देशोदेशीच्या अनोळखी हौशी लोकांना पाठवला होता. या मंडळींचा एक अलिखित रिवाज आहे. स्वतःचं ऐकवायचं असेल तर आधी दुसऱ्या दोघांचं ऐकून त्यांना काही सांगायचं. रिवाज चांगला आहे. पण आलेले अभिप्राय त्याने मला वाचून दाखवले तेव्हा लक्षात आलं, की सगळे जवळपास एकाच भाषेत बोलत होते. सुरुवात लांबली आहे. खालच्या पट्टीत गढूळपणा आहे. अमुक प्रसिद्ध ट्रॅक शेजारी ठेवून तुलना कर. ठोके तालात नाहीत, ते ग्रिडवर बसव. ‘‘आणि तू इतरांना काय सांगतोस?’’ मी विचारलं. तो हसला. ‘‘यही सब.’’

दुरुस्तीची भाषा शिकता येते, म्हणून ती सर्वत्र सापडते. आवाजाची पातळी मोजता येते, ताल पडद्यावर रेघांत दिसतो. ऐकताना माझं काय झालं, हे सांगायची भाषा मात्र तितकी हाताशी नसते. ती नसली की हुशार, प्रामाणिक माणूसही बेसबद्दल बोलू लागतो.

गंमत अशी, की ज्या मुलखात मी बसले होते तिथे या भाषेची मोठी परंपरा आहे. उर्दू कवितेत तिला इस्लाह म्हणतात. शागिर्दाने ग़ज़ल उस्तादाला दाखवायची. उस्ताद एखादा शब्द खोडून वर दुसरा लिहिणार, एखादा शेर काढून टाकणार, आणि जो शेर उतरला आहे त्याच्याशेजारी ‘साद’ हे अक्षर काढणार. साद म्हणजे पसंतीची खूण. ती पूर्ण ग़ज़लेला सरसकट मिळत नसे, त्या त्या शेराला मिळे. हे काम टपालानेही चाले. ग़ालिबच्या हरगोपाल तफ़्ता यांना लिहिलेल्या पत्रांत इस्लाह आहे. तरुण इक़्बाल आपल्या ग़ज़ला पंजाबातून हैदराबादला दाग़ देहलवींकडे पाठवत, आणि थोड्याच काळात दाग़नी कळवलं, की आता दुरुस्तीला फारशी जागा उरलेली नाही. जोश यांनीही सुरुवातीला लखनौच्या अज़ीज़ लखनवींकडून इस्लाह घेतली आणि मग आपली वाट धरली. मराठीत हा टपाली वर्ग सुरेश भटांनी चालवला. नवशिक्यांच्या गझला ते पत्रांतून तपासत, आणि ‘गझलेची बाराखडी’ ही त्यांची छोटी पुस्तिका कित्येकांची पहिली शाळा ठरली. काफिया चुकला, वृत्त अडखळलं, हे त्यांनी निःसंकोच सांगितलं. बाराखडी सांगता येते. बाराखडीपुढचं काय, हा खरा प्रश्न.

या परंपरेवर हरखून जावं असं मला त्या रात्री वाटत होतं. पण मलिहाबादहून त्याच रेल्वेमार्गाने पुढे गेलं की संडीला लागतं, आणि तिथल्या एका कवीने या व्यवस्थेची जी परीक्षा घेतली ती आठवल्याशिवाय पुढे जाता येत नाही. शौक़ संडीलवी हे त्यांचं नाव. १९२०च्या दशकात त्यांनी आपल्या त्याच त्या ग़ज़ला एकाच वेळी अनेक उस्तादांकडे इस्लाहसाठी पाठवल्या. प्रत्येकाला वाटत होतं हा आपलाच शागिर्द. मग सगळ्यांच्या दुरुस्त्या शेजारी शेजारी मांडून त्यांनी ‘इस्लाह-ए-सुख़न’ हे पुस्तकच छापलं. एका उस्तादाने खोडलेलं दुसऱ्याने तसंच ठेवलेलं, एकाने बदललेला शब्द दुसऱ्याने आणखी वेगळ्या दिशेने बदललेला. यावर उस्ताद मंडळी खूश होणं शक्यच नव्हतं.

या पुस्तकाकडे आपण सहसा एक खोडी म्हणून पाहतो. मला ते समीक्षेचं पुस्तक वाटतं. त्यातून दोन गोष्टी दिसतात. पहिली, की दुरुस्ती म्हणजे कायदा नव्हे, ती एका विशिष्ट कानाची आवड आहे. दुसरी गोष्ट सहज निसटते. शौक़ यांच्या हाती इतक्या दुरुस्त्या आल्या, पण त्यांची सरासरी काढून ग़ज़ल होत नाही. कुणाचं तरी ऐकावं लागतं, म्हणजे कुणाचं तरी नाकारावं लागतं. एक उस्ताद असताना हे नाकारणं कठीण होतं. अनेक झाल्यावर ते अटळ झालं, आणि तो भार पुन्हा कवीवरच आला.

मलिहाबादच्या त्या मुलाने नेमकं हेच टाळलं होतं. त्याने सगळ्यांचं ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी त्याने मला ट्रॅकची सुधारलेली आवृत्ती ऐकवली. सुरुवात आखूड, बेस स्वच्छ, आणि पेटीचे ठोके ग्रिडवर काटेकोर बसलेले. कुठेही बोट ठेवता येणार नाही. फक्त आता तिथे खिळा उचलणारा माणूस नव्हता. मी एकदाही दाराकडे पाहिलं नाही.

संध्याकाळी त्याचे वडील बाग दाखवायला घेऊन गेले. दशहरीची झाडं बघता बघता कलमांचा विषय निघाला. दशहरीचं आद्य झाड काकोरीजवळच्या दशहरी गावात आजही उभं आहे. कोयीपासून लावलं तर झाड आईसारखं निघेल याची खात्री नसते, म्हणून कलम करतात. खाली कुठल्याही गावठी कोयीचं रोप, वर दशहरीची फांदी. जोडाच्या खालून फुटलेला कोंब छाटून टाकायचा, नाहीतर तो वरच्याला मागे टाकतो. म्हणजे जगातली प्रत्येक दशहरी ही त्या एका झाडाचीच फांदी. आंबा उत्तम, पण सगळा एकच. इस्लाहची मर्यादा मला तिथे दिसली. चांगल्या उस्तादाच्या हाताखाली शागिर्दाचं फळ उत्तम येतं, पण ते बहुधा उस्तादाचं असतं. आणि अनोळखी शंभर जणांचा सल्लाही तेच करतो. फरक इतकाच, की तिथे वरची फांदी कुणा एका उस्तादाची नसते, त्या ‘अमुक प्रसिद्ध ट्रॅक’ची असते.

खालून फुटलेला कोंब छाटायचा की ठेवायचा, हे त्या वेळी कळणं अवघड असतं. इलेक्ट्रॉनिक संगीताचा इतिहास याची साक्ष देतो. रोलंड कंपनीचं टीबी-३०३ हे यंत्र १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला आलं ते गिटारवादकाला बेसची साथ देण्यासाठी. त्या कामात ते फसलं आणि काही वर्षांतच बंद पडलं. मुंबईच्या चरणजित सिंग यांनी १९८२ साली हेच यंत्र, टीआर-८०८ आणि ज्युपिटर-८ घेऊन दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर बांधले. सिंग हौशी नव्हते, हिंदी चित्रपटसंगीतातले मुरलेले वादक होते. तरीही ती ध्वनिमुद्रिका चालली नाही. २०१०मध्ये ती हॉलंडमधून पुन्हा निघाली, तेव्हा लोकांनी कान टवकारले, कारण १९८७ साली शिकागोतून ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’ने ज्या ध्वनीची ओळख जगाला करून दिली, त्याच्याशी जुळणारं काही इथे पाच वर्षं आधी वाजलं होतं. सिंग २०१५ साली गेले. प्रतिसाद त्यांना हयातीत मिळाला, पण अठ्ठावीस वर्षांनी.

त्या ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’चीही एक गोष्ट त्याचे कर्ते सांगतात. शिकागोच्या म्युझिक बॉक्स क्लबमध्ये रॉन हार्डी यांनी तो पहिल्यांदा वाजवला तेव्हा नाचणारे बाजूला झाले. हार्डींनी त्याच रात्री तो पुन्हा वाजवला, मग पुन्हा. चौथ्या वेळी लोक बेभान झाले. या गोष्टीत मला श्रोत्यांपेक्षा हार्डी महत्त्वाचे वाटतात. त्यांनी ट्रॅकमध्ये काही दुरुस्त केलं नाही. त्यांनी आपली रात्र आणि आपला लौकिक त्याच्यामागे लावला.

इथे इस्लाहची परंपरा पुन्हा उपयोगी पडते. शागिर्द मुशायऱ्यात फसला तर लोक विचारत, हा कुणाचा शागिर्द? उस्तादाचंही काही पणाला लागलेलं असे. ‘बेस ठीक कर’ म्हणणाऱ्याचं काही लागत नाही. ‘बहुत ख़ूब’ म्हणणारीचं तर नाहीच. मी त्या मुलाला शिष्टाचार दिला आणि स्वतःला वाचवलं. चूक कबूल करून टाकलेली बरी.

मग द्यायचं काय? या संगीताचं तंत्र मला येत नाही, दुरुस्ती सुचवण्याचा मला अधिकार नाही. पण मराठी मैफिलीत वाढलेल्या माणसाकडे एक शब्द असतो, ‘जागा’. गवयाने एखादी जागा घेतली की दाद तिथल्या तिथे जाते. मैफल संपल्यावर ‘छान झालं’ म्हणणं वेगळं. जागेवर गेलेली दाद आणि शेरावर काढलेला साद ही एकाच जातीची गोष्ट आहे. दोन्ही सांगतात, की मी इथे होतो. म्हणून मी त्याच्याकडून पहिली आवृत्ती पुन्हा मागून घेतली आणि या वेळी वही घेऊन बसले. एक मिनिट चाळीस सेकंदांनी मी दाराकडे पाहिलं. दोन-दहाला पुन्हा. तीन मिनिटांनंतर सिंथ वाढतो तेव्हा माझं लक्ष उडालं, मी उद्याच्या गाडीचा विचार करू लागले. दुसऱ्या आवृत्तीत मी सुरुवातीपासून शेवटपर्यंत इथेच होते, पण कुठेच थांबले नाही. इतकंच लिहून दिलं. का, ते मला माहीत नव्हतं, आणि मी तसं सांगितलं.

त्याने वही दोनदा वाचली. एक-चाळीसचा ठोका त्याच्या मते चूक होती, तो काढायचा राहून गेला होता. तीन मिनिटांनंतरच्या भागावर मात्र तो ठाम होता. तिथे लक्ष उडायलाच हवं, तिथे मंडी रिकामी होते, असं तो म्हणाला. मला पटलं नाही. त्याने तो भाग बदलला नाही. अभिप्राय झिडकारण्याची ही त्याची पहिली वेळ असावी, आणि ती माझ्यावर आली याचं मला वाईट वाटलं नाही.

मग त्याने रिवाज पाळला. ‘‘अब आपकी बारी.’’ मराठी त्याला येत नाही. तरी मी जोश यांच्या एका नज़्मेचा माझा अनुवाद मोठ्याने वाचला. जोश म्हणजे शब्दांची घोडदौड, आणि माझा सगळा जीव तो वेग मराठीत आणण्यात गेला होता. एका संपादकांनी तो मसुदा आधीच तपासून दिला होता. त्यांनी खटकणारे फ़ारसी शब्द काढून सोज्ज्वळ मराठी घातली होती, आणि मी निमूटपणे ते सगळं मान्य केलं होतं. मुलगा डोळे मिटून ऐकत होता. संपल्यावर म्हणाला, ‘‘बीच में आप थक गईं. वहाँ, जहाँ आवाज़ नीची हुई.’’

मी थकले नव्हते. ती ओळ थकली होती. संपादकांनी बदललेल्या आणि मी न भांडता स्वीकारलेल्या ओळींपैकी ती एक होती. रात्री मसुदा काढून मी जुना शब्द परत घातला. फ़ारसीच, मराठी वाचकाला क्षणभर अडखळवणारा. संपादकांना पत्र लिहून कारण कळवायचं आहे. कदाचित ते ऐकणार नाहीत.

सकाळी स्टेशनकडे निघताना मुलाने नवी फाईल पाठवली. बेस स्वच्छ ठेवला होता, तो सल्ला खरोखरच योग्य होता. ठोके ग्रिडवरून उतरवले होते. एक-चाळीसचा ठोका जागच्या जागी होता. तीन मिनिटांनंतरचा भागही, शब्दशः पहिल्यासारखा. गाडी संडीला ओलांडून जाईपर्यंत मी तो दोनदा ऐकला. तिथे माझं लक्ष दोन्ही वेळा उडालं. तसं मी त्याला कळवलं आहे.