‘डाउन सेकंड अ‍ॅव्हेन्यू’ : कायद्याने पाडलेल्या फाळण्या

इझेकिएल मफाहलेले यांचे हे आत्मकथन १९५९ साली प्रसिद्ध झाले. आपल्याकडचे प्रस्थापित समीक्षक अशा पुस्तकाला ‘वैश्विक मानवी दुःखाची कहाणी’ म्हणतात आणि मोकळे होतात. मला हा गौरव मान्य नाही. हे दुःख विश्वाने दिलेले नाही. त्याला कलमे आहेत, तारखा आहेत, सरकारी शिक्के आहेत.

१९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने दक्षिण आफ्रिकेतील प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. शंका आली तर केसांत पेन्सिल खोचून पाहात. अडकली की माणूस गोरा नव्हे. एकाच घरातली माणसे वेगवेगळ्या रकान्यांत गेली. १९५५ पासून सोफियाटाउन उठवले आणि तिथल्या काळ्या शेजाऱ्यांना मेडोलँड्समध्ये जमातवार वेगळे बसवले. गोऱ्यापासून काळा तोडून भागत नव्हते. काळ्यापासून काळाही तोडायचा होता. बाबासाहेबांची ‘श्रेणीबद्ध विषमता’ वाचलेल्यांना हा डाव समजावून सांगावा लागू नये.

मफाहलेले भाषण करीत नाहीत. प्रिटोरियाच्या मराबास्ताड वस्तीतला सार्वजनिक नळ, तिथल्या बायांच्या गप्पा, जमिनीत पुरून ठेवलेली घरची दारू, पोलिसांची धाड, गोऱ्यांचे कपडे धुणारे घर, एवढ्यातून ते राज्ययंत्रणा उभी करतात. काळ्यांना मजुरीपुरतेच शिकवू पाहणाऱ्या धोरणाला विरोध केला म्हणून १९५२ साली या शिक्षकाची नोकरी गेली. घराण्यातला पहिला पदवीधर असलेल्या माझ्यासारख्या मास्तराला ही पाने भराभर उलटता येत नाहीत.

तरीही एक उणीव नोंदवली पाहिजे. भारतीय दुकानदार या पुस्तकात येतो तो गल्ल्यापलीकडचाच. डोरामावशी त्याच्याशी भांडते. त्याचे घर मात्र आपल्याला दिसत नाही. तोही तशाच कायद्याने हाकललेला माणूस होता. भिंत लेखकाच्या नजरेतही शिरली, यातच तिची ताकद कळते.

तो नोंदणी कायदा १९९१ साली रद्द झाला. आपल्या संविधानाने अस्पृश्यता १९५० सालीच नष्ट केली. पण कायदा गेल्यावरही नजरेतले रकाने उरतात. म्हणून मफाहलेले यांना विचारलेला प्रश्न आपण आपल्यालाही विचारला पाहिजे : आपल्या आत्मकथनांतून महारवाड्याशेजारचा मांगवाडा किती दिसतो? तिथले घर आतून कोणी पाहिले आहे? हे उत्तर टाळून केलेला विद्रोह अर्धाच राहील.