कोतवाल मूळचे कुठले?

सिद्धगडाच्या पायथ्याशी दर २ जानेवारीला माणसं जमतात. १९४३ साली याच तारखेला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील या जंगलात पोलिसांच्या गोळ्यांना बळी पडले. बेचाळीसच्या चळवळीत मुंबईकडे जाणाऱ्या विजेचे मनोरे पाडणारा आझाद दस्ता भाईंनी उभा केला होता. मी मुरबाडचा, त्यामुळे शाळेत असल्यापासून या दिवशी इथे येतोय. आधी मास्तरांच्या मागे रांगेत चालत यायचो, आता मित्राच्या बाईकवर येतो.

दोन-तीन वर्षांपूर्वी इथेच कॉलेजातल्या एका पोरानं मला मोबाईल दाखवला. 'कोतवाल घराण्याचा गौरवशाली इतिहास' असा व्हिडिओ होता. मागे ढोल-ताशे, पुढे भगव्या अक्षरांत मजकूर. कोतवाल हे मूळचे उत्तरेकडचे क्षत्रिय, एका मोठ्या किल्ल्याचे रखवालदार, पुढे दख्खनेत आले वगैरे. पोरगा म्हणाला, "दादा, आपल्या भाईंचं घराणं हेच का?"

भाई जन्मले माथेरानला, १ डिसेंबर १९१२ रोजी, नाभिक कुटुंबात. पुढे वकील झाले, माथेरानच्या नगरपालिकेत उपाध्यक्ष झाले. मी पोराला "नाही रे" म्हटलं. पण का नाही, ते नीट सांगता आलं नाही. हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेलं उत्तर आहे.

असे व्हिडिओ आणि लेख तुम्हीही पाहिले असतील. बहुतेकांचा साचा एकच. आधी आडनावाची फोड करायची, मग त्या अर्थाला साजेसा एखादा किल्ला किंवा राजा शोधायचा, मग स्थलांतर, शेवटी दोन तलवारी आणि कुलदैवत. पहिल्या पायरीवर बरेचदा तथ्य असतं. दुसऱ्या पायरीवर कधी उडी मारली ते मात्र वाचणाऱ्याला कळत नाही. शब्दाचा प्रवास सांगता सांगता तो माणसांचा प्रवास होऊन जातो.

शब्दाचा प्रवास खरंच भारी आहे, त्यात थोडं रमू या. कोतवाल म्हणजे कोटपाल, कोट सांभाळणारा, अशी संस्कृत व्युत्पत्ती सांगतात. फारसीतही कोतवाल म्हणजे किल्लेदारच. पण १८८६ साली निघालेल्या 'हॉब्सन-जॉब्सन' या कोशाच्या कर्त्यांना शंका होती की हा शब्द मुळात तुर्की असावा. म्हणजे 'मूळचे कुठले' हा प्रश्न खुद्द शब्दालाच विचारला तरी एकमत होत नाही. पुढे हा शब्द पोर्तुगिजांच्या कानावर पडला. लुईस द कामोइंश याच्या १५७२ सालच्या 'ऊश लुझियादश' या महाकाव्यात वास्को द गामाला कालिकतला भेटणारा अधिकारी 'कातुआल' आहे, म्हणजे आपला कोतवालच. कवीनं त्याला दुसरं नावच दिलेलं नाही. हुद्दा हेच त्याचं नाव.

पुण्यातही तेच झालं. नाना फडणवीसांच्या काळातला घाशीराम हा मूळचा सावळदास. पण १७९१ साली लोकांच्या संतापात मारला गेला तेव्हा, आणि नंतर तेंडुलकरांच्या १९७२ च्या नाटकात अजरामर झाला तेव्हाही, तो घाशीराम कोतवालच होता. त्याचं सावळदास आज कोण लक्षात ठेवतं?

माझ्या लहानपणी मात्र कोतवाल म्हणजे तलाठ्याच्या हाताखालचा माणूस. नोटीस द्यायला घरोघर फिरणारा, तुटपुंज्या मानधनावर राबणारा. आणि रानात गेलात तर कोतवाल हा काळाकुळकुळीत, दुभंगलेल्या शेपटीचा पक्षी, घारीच्याही अंगावर धावून जाणारा. किल्लेदार, शहराचा पोलीसप्रमुख, तलाठ्याचा सेवक, पक्षी. या सगळ्यांना ओवणारं एकच घराणं कुठून आणणार?

आणायचा प्रयत्न केला तरी साधत नाही. कोतवाल आडनाव ब्राह्मणांत आहे, नाभिकांत आहे, मराठ्यांत आहे. पारशांतही आहे, दस्तूर फिरोज कोतवाल हे त्यांचे नामवंत धर्मगुरू. जम्मूकडेही कोतवाल सापडतात. जिथे जिथे तो हुद्दा होता तिथे तिथे ते आडनाव आपापलं उगवलं. पाटलांचंही तसंच. स्मारकावर शेजारी शेजारी कोतवाल आणि पाटील ही दोन नावं आहेत, दोन्ही हुद्द्यांची. एकाच्या नावाचा अर्थ शहराचा पोलीसप्रमुख, आणि तो मेला पोलिसांच्या गोळीनं. त्या व्हिडिओवाल्याला ही गोष्ट दिसली असती तर त्याच्या तलवारींपेक्षा पुष्कळ चांगली गोष्ट हाती लागली असती.

हा घोळ आपलाच आहे असंही नाही. स्पेनमध्ये आल्काइदे असं आडनाव आहे. मूळ अरबी 'अल-काइद', म्हणजे सेनानी, म्होरक्या. स्पॅनिशमध्ये त्याचा किल्लेदार झाला, पुढे तुरुंगाधिकारी. कोतवालाचा सख्खा भाऊच म्हणा. हे आडनाव आहे म्हणून कोणी अरब ठरत नाही. तिथेही आडनावांच्या ढाली आणि कुळचिन्हं विकणारे आहेतच. पण आडनाव पाहून कूळ सांगणाऱ्यांनी फिलिपिन्सकडे एकदा बघावं. २१ नोव्हेंबर १८४९ रोजी तिथला स्पॅनिश गव्हर्नर नार्सिसो क्लावेरिया यानं हुकूम काढला आणि आडनावांची छापील यादी गावोगाव पाठवली. काही गावांत जवळजवळ सगळ्यांच्या वाट्याला एकाच अक्षरानं सुरू होणारी आडनावं आली. आजही तिथे स्पॅनिश आडनावं जागोजाग आहेत, त्या मानानं स्पॅनिश पूर्वज फारच कमी. आणि इतकं लांब तरी कशाला? आपल्या वसईतले लोपीस, परेरा, डिमेलो काही लिस्बनहून गलबतात बसून आलेले नाहीत. १५३४ ते १७३९ या पोर्तुगीज अमलात बाप्तिस्म्याबरोबर आडनाव मिळालं. माणसं तिथलीच, त्याच वाड्यांतली.

मग घराण्याचा इतिहास लिहूच नये का? लिहावा, आणि मराठीत त्याचा चांगला नमुना आहे. गोखले, साठे अशा घराण्यांचे कुलवृत्तांत पाहा. जाडजूड, बऱ्याचदा कंटाळवाणे ग्रंथ. पण ते शब्दामागे न धावता माणसांमागे धावतात. कोण कुठल्या गावाहून कुठे गेला, कोणाला किती मुलं, कोण दत्तक गेला. आधाराला घरचे कागद, सनदा, क्षेत्रोपाध्यांच्या वह्या. मला या ग्रंथांबद्दल आदर आहे. माझी तक्रार वेगळी आहे. ही पद्धत फक्त कागद असलेल्यांनाच चालते. ज्यांच्याकडे सनद नाही, त्र्यंबकेश्वरच्या वहीत ज्यांचा आजा नाही, त्यांच्यासाठी उरतो तो ढोल-ताशांचा व्हिडिओ. म्हणून मला त्या पोराचं हसू आलं नाही.

त्याचं आडनाव पारधी. जमात ठाकूर. आमच्याकडे आणि कर्जतकडे ठाकूर जमातीत हे आडनाव सर्रास आहे. पण पारधी नावाची वेगळी जमातही महाराष्ट्रात आहे. आणि 'ठाकूर' म्हटलं की बाहेरच्या माणसाला आधी आठवतात उत्तरेकडचे जमीनदार. आडनाव वाचलं तर एक जमात, जमात वाचली तर भलतेच लोक.

याची किंमत आहे, आणि ती जात वैधता प्रमाणपत्राच्या दारात मोजावी लागते. १९७६ पर्यंत ठाकूर जमातीला अनुसूचित जमात म्हणून मान्यता होती ती ठरावीक जिल्ह्या-तालुक्यांपुरती. क्षेत्राची ती अट संसदेनं काढली, ते योग्यच केलं. त्यानंतर नुसत्या नामसाधर्म्यावर दावे झाले, ही भीतीही खोटी नव्हती. पण नावाचा गैरफायदा घेतला दुसऱ्यांनी आणि संशय आला खऱ्या ठाकरांच्या पोरांवर. तुमचे देव कुठले, लग्नात काय करता, बोली कशी, असे प्रश्न विचारून जमातीशी आपलेपणा तपासायची रीत पडली. त्याला 'अ‍ॅफिनिटी टेस्ट' म्हणतात. पोरगा शहरात शिकलेला असला, त्याला गाणी येत नसली, तर आली का पंचाईत. २४ मार्च २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयानं ठाकूर जमातीच्याच प्रकरणात सांगितलं की ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, आणि प्रत्येक दाव्यात ती अनिवार्यही नाही. १९५० पूर्वीच्या कागदांचं वजन मोठं. निकाल चांगला आहे. पण कागद पुन्हा आलाच. गोखल्यांकडे तो पेटीत असतो, वाडीवर तो पणजोबा शाळेत गेला असेल तरच असतो.

अशा वेळी 'पारधी घराणं मूळचं अमुक गडाचं' असं सांगणारा व्हिडिओ निव्वळ करमणूक राहत नाही. जमातीचा दावा करणारा पोरगा स्वतःच्याच ग्रुपवर स्वतःविरुद्धचा पुरावा फॉरवर्ड करत असतो.

यंदा तो पोरगा पुन्हा भेटला. समितीपुढे फाईल आहे म्हणाला. पारधी आडनावाचा व्हिडिओही त्याला सापडला होता, त्यात राणा प्रताप होता. त्यानं तो आजीला दाखवला आणि विचारलं, आपण कुठून आलो? आजी म्हणाली, वरच्या वाडीतून. पाणी आटलं तेव्हा खाली आलो. कोणत्या साली ते तिला सांगता येईना, पण तेव्हा तिचा थोरला कडेवर होता. त्याच्या शाळेचा दाखला आता तो शोधतोय.