कोडे सुटले, पण कोणते?

प्रथिनांच्या घडीचे पन्नास वर्षांचे कोडे यंत्राने सोडवले, हे विधान २०२०च्या अखेरीपासून मराठी लेखांत आणि व्याख्यानांत इतक्यांदा आले आहे की आता त्याला कोणी पुरावा मागत नाही. माझा आक्षेप यंत्रावर नाही. डीपमाइंडचे अल्फाफोल्ड ही मोठीच कामगिरी आहे. त्याच्या आकृत्यांचे भांडार सर्वांना खुले असल्यामुळे प्रयोगशाळेबाहेर बसून वाचणाऱ्या माझ्यासारख्याला त्याचा नित्य उपयोग होतो. आक्षेप आहे तो ‘कोडे’ या एकवचनावर.

कोडी किमान दोन आहेत. अमिनो आम्लांचा क्रम दिला तर साखळीचा शेवटचा आकार कोणता, हे एक. त्या आकारापर्यंत साखळी कशी पोचते आणि तिथेच का थांबते, हे दुसरे. कपाटातली घडी घातलेली साडी पाहणे निराळे आणि ती कोणत्या क्रमाने घातली हे कळणे निराळे. प्रथिनाच्या बाबतीत तर घालणारे हातच नाहीत, घडी बसते. ‘घडी बसणे’ हा आपला घरगुती प्रयोग इथे इतका चपखल आहे की त्याऐवजी जड संस्कृत प्रतिशब्द शोधणाऱ्यांचे मला नवल वाटते.

या दुसऱ्या कोड्याचा पाया ख्रिश्चन ॲनफिन्सन यांनी अमेरिकेत बेथेस्डा येथे घातला. त्यांचे प्रथिन होते गाईच्या स्वादुपिंडातले रायबोन्यूक्लिएज: १२४ अमिनो आम्ले, त्यांत आठ सिस्टीन, आणि त्या आठांना दोन-दोन करून जोडणारे गंधकाचे चार पूल. युरिया घालून आणि पूल तोडून त्यांनी साखळी पार उलगडली, मग दोन्ही रसायने काढून घेतली. प्रथिन पुन्हा काम करू लागले. आठ सिस्टीनच्या जोड्या १०५ प्रकारे लागू शकतात. लागल्या त्या मूळच्याच. म्हणजे घडीची सूचना साखळीच्या क्रमातच आहे. १९७२च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा या कामासाठी होता.

बहुतेक लेख इथे थांबतात. मला प्रयोगाचा उरलेला भाग जास्त बोलका वाटतो. युरिया तसाच ठेवून आधी पूल जुळू दिले, तर जोड्या भलत्याच लागल्या आणि प्रथिनाची कार्यक्षमता जेमतेम १ टक्का उरली. मग युरिया काढून पूल सोडवणाऱ्या रसायनाचा किंचित अंश घातला. चुकीचे पूल सुटत गेले, नवे जुळत गेले, आणि काही तासांत मूळ प्रथिन परत आले. साखळी चुकते, आणि वाव मिळाला तर स्वतःला दुरुस्त करते. हे ‘काही तास’ खुद्द ॲनफिन्सन यांना खटकले, कारण पेशीत एवढी उसंत नसते. १९६३ मध्ये त्यांच्याच गटाने हे काम वेगाने उरकणारे विकर पेशीतून वेगळे केले. पुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस शॅपरोन प्रथिनांचे काम उलगडू लागले. नव्या साखळ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून ती त्यांना सांभाळतात. कोड्याचा हा भाग क्रम आणि अंतिम आकार यांच्या मधल्या काळाचा आहे.

सायरस लेव्हिन्थल यांच्यावर तर अन्यायच होतो. १५० अमिनो आम्लांच्या साखळीला १ वर ३०० शून्ये इतके आकार शक्य आहेत, हा त्यांचा १९६९चा हिशेब ‘विरोधाभास’ म्हणून रंगवून सांगितला जातो. त्यांचा मुद्दा होता की साखळी हे सगळे आकार चाचपत बसत नाही; जवळजवळचे भाग आधी जुळतात आणि पुढची वाट ठरवतात. ते वाटेबद्दल बोलत होते.

अल्फाफोल्ड वाट शोधत नाही. एकाच प्रथिनाचे निरनिराळ्या सजीवांतले क्रम ते शेजारी मांडते. दोन जागा उत्क्रांतीत जोडीने बदलत आल्या असतील, तर आकारात त्या जवळ असण्याचा संभव असतो. या खुणा वाचायला ते शिकले प्रोटीन डेटा बँकेतल्या आकृत्यांवरून. १९७१ मध्ये अवघ्या सात आकृत्यांनी सुरू झालेली ही बँक तोवर दीड लाखांच्या पुढे गेली होती. क्ष-किरणांसमोर स्फटिक धरून वर्षानुवर्षे बसलेल्यांची ती मजुरी ‘यंत्राने सोडवले’ या वाक्यात कुठे आहे? नोबेल समितीने २०२४ मध्ये शब्द जपून वापरले. डेमिस हसाबिस आणि जॉन जंपर यांना मिळालेला अर्धा वाटा प्रथिनांच्या रचनेच्या भाकितासाठी आहे. (उरलेला अर्धा डेव्हिड बेकर यांना, संगणकाने नवी प्रथिने रचण्यासाठी.) भाकिताची ‘उकल’ आपण केली.

याच्या शेजारी मद्रासचे काम ठेवून पाहावे. १९६३ मध्ये जी. एन. रामचंद्रन, सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांनी साखळीच्या कण्यातले दोन कोन घेतले. दोन अणू एकमेकांत घुसू शकत नाहीत, एवढ्या साध्या नियमावरून कोणत्या कोनजोड्या अशक्य आहेत ते त्यांनी नकाशावर मांडले. बराचसा नकाशा निषिद्ध निघाला. आपण रामचंद्रन यांच्याविषयी लिहितो ते बहुधा त्यांना न मिळालेल्या नोबेलबद्दल. नकाशाबद्दल फार थोडे. आजही नवी आकृती तपासायला हा नकाशा लागतो, आणि चूक का आहे तेही तो सांगतो. गोळ्या-काड्यांचा साचा आणि अणूंमधल्या किमान अंतरांचा तक्ता असेल, तर घरच्या टेबलावर त्याची पडताळणी करता येते. मी केली आहे.

हा शब्दांचा कीस नव्हे. ‘कोडे सुटले’च्या पाठोपाठ ‘आता औषधे झटपट’ हे वाक्य ठरलेले असते. विदर्भात आणि नंदुरबारकडे ज्या घरांत सिकलसेल हा शब्द रोजचा आहे, तिथे ते आशा म्हणून वाचले जाते. या आजारात हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, हे व्हर्नन इंग्रम यांनी १९५७ मध्येच दाखवले. एकट्या रेणूची घडी या बदलाने जवळजवळ तशीच राहते. बिघाड होतो तो प्राणवायू सोडल्यावर. मग ते व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खाचेत बसते, रेणूंचे लांब दोर वळले जातात आणि तांबडी पेशी विळ्यासारखी वाकते. दोर वळायला किती वेळ लागतो यावर बरेच अवलंबून असते: त्याआधी पेशी केशवाहिनीतून पार झाली, तर ती अडकत नाही. तो वेळ एकट्या रेणूच्या आकृतीत, ती कितीही अचूक असली तरी, दिसत नाही.