शांततेचा मानवी हक्क : संयुक्त राष्ट्रांच्या दोन घोषणांची मोहर्लीच्या संदर्भात समीक्षा

आंतरराष्ट्रीय संबंधांच्या अभ्यासात शांतता म्हणजे युद्धाचा अभाव, असा अर्थ दीर्घकाळ प्रचलित होता. योहान गाल्टुंग यांनी १९६० च्या दशकात नकारात्मक व सकारात्मक शांतता असा भेद मांडला आणि दारिद्र्य, विषमता, भय यांनाही शांततेच्या विचारात स्थान मिळाले. या वैचारिक स्थित्यंतराची कायदेशीर भाषा कोणती झाली, हे संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेच्या १९८४ व २०१६ च्या घोषणा शेजारी ठेवून वाचल्यास स्पष्ट होते.

१२ नोव्हेंबर १९८४ ची घोषणा शीतयुद्धाची अपत्य आहे. तिच्यावर अणुयुद्धाच्या भीतीचे सावट आहे. तीत हक्क लोकसमूहांचा आणि कर्तव्य राज्यसंस्थेचे, अशी सरळ मांडणी आढळते : बळाचा वापर टाळणे, वाद शांततेच्या मार्गाने सोडविणे, युद्धाचा धोका दूर करणारे धोरण आखणे. तिची मर्यादाही येथेच आहे. राज्याच्या सीमेच्या आत राहणारा माणूस आणि त्याचे राज्य यांच्यातील संबंधांविषयी ती मौन पाळते.

१९ डिसेंबर २०१६ ची घोषणा हे मौन सोडते. मात्र त्यासाठी मोठी किंमत मोजते. १३१ विरुद्ध ३४ अशा मतांनी ती संमत झाली, १९ राष्ट्रे तटस्थ राहिली आणि विरोधकांत अमेरिका व ब्रिटन होते. प्रदीर्घ प्रास्ताविकानंतर अवघी पाच छोटी कलमे येतात. पहिल्या कलमात प्रत्येकाला शांततेचा हक्क थेट न देता शांतता उपभोगण्याचा हक्क दिला आहे. हा शब्दच्छल नव्हे. हक्क भंगला तर दाद मागता येते. उपभोग खंडित झाला तर कोणाकडे जावे, हे घोषणा सांगत नाही. दुसरे कलम मात्र मोलाचे आहे. भयापासून व अभावापासून मुक्ती हे शांततेचे साधन असून तिची हमी राज्यांनी द्यावी, असे त्यात म्हटले आहे.

हे दुसरे कलम मोहर्लीत वाचून पाहावे. चंद्रपूर जिल्ह्याच्या भद्रावती तालुक्यातील हे गाव ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पाचे प्रवेशद्वार आहे. (याच तालुक्यात संरक्षण खात्याचा दारूगोळा कारखानाही आहे, राष्ट्राराष्ट्रांतील युद्धाशी या परिसराचा संबंध एवढाच.) मोहफूल, तेंदूपत्ता, सरपण यांसाठी पहाटे जंगलात शिरणाऱ्याचे भय वाघाचे असते आणि न शिरल्यास अभाव दारात उभा राहतो. भय व अभाव यांपैकी एक निवडावे लागणे ही अशांतताच होय. पण शस्त्रसंधी, निःशस्त्रीकरण या परिभाषेत ती कोठेच बसत नाही.

राष्ट्रांचे सहकार्य येथवर पोहोचले आहे, हे नाकारता येणार नाही. नोव्हेंबर २०१० मध्ये सेंट पीटर्सबर्ग येथे वाघ असलेल्या १३ राष्ट्रांनी २०२२ पर्यंत वाघांची संख्या दुप्पट करण्याचा संकल्प केला. एरवी सीमेवरून भांडणारी राष्ट्रे एका प्राण्यासाठी एकत्र आली, हे स्वागतार्ह. परंतु या सहकार्याचा भार राजधान्यांनी उचलला नाही. तो जंगलाकाठच्या गावांवर पडला. गाभा क्षेत्रातील बोटेझरी, नवेगाव, जामणी ही गावे गेल्या दोन दशकांत बाहेर वसविली गेली. मोहर्लीत पर्यटनातून रोजगार आला हे खरे, तरी तो सर्वांच्या वाट्याला सारखा येत नाही.

या ठिकाणी १३ सप्टेंबर २००७ ची मूलनिवासी लोकांच्या हक्कांची घोषणा अधिक उपयुक्त ठरते. पूर्वमाहितीसह दिलेल्या मुक्त संमतीशिवाय स्थलांतर नाही, असे तिचे दहावे कलम सांगते. शांततेत व सुरक्षिततेत जगण्याचा सामूहिक हक्कही ती मान्य करते. भारताने तिच्या बाजूने मत दिले. त्याआधीच्या २००६ च्या वनहक्क कायद्यातही पुनर्वसनासाठी ग्रामसभेची लेखी संमती आवश्यक ठरविली आहे. २०१६ च्या पाच कलमांत संमती हा शब्दच नाही, आणि ही त्या घोषणेची सर्वांत गंभीर उणीव मानावी लागते. ज्याची शांतता, त्यालाच विचारले जात नाही.

शेजारच्या गडचिरोलीत प्रश्न अधिक तीव्र होता. चार दशकांच्या सशस्त्र संघर्षात आदिवासी दोन्ही बाजूंच्या संशयाचा विषय झाला. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवादी नेता भूपती याने सुमारे साठ सहकाऱ्यांसह तेथे शस्त्रे खाली ठेवली, तेव्हा नकारात्मक शांततेच्या दिशेने मोठे पाऊल पडले. सकारात्मक शांततेचा प्रयोग मात्र त्याच जिल्ह्यात, धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) येथे, बंदुका गाजत असतानाच चालू होता. २००९ मध्ये त्या ग्रामसभेला सामूहिक वनहक्क मिळाला आणि २०११ मध्ये बांबूचे वाहतूक परवाने देण्याचा अधिकार तिच्याकडे आला. तेथील निर्णय बहुमताने न होता सर्वसहमतीने होतात. एकाचाही विरोध असेल तर चर्चा पुढे चालू राहते. आमसभेत ३४ मते विरोधात असताना घोषणा संमत झाली. मेंढ्याच्या ग्रामसभेत तो ठराव पुढच्या बैठकीसाठी राखून ठेवला गेला असता.